राजाचे दान आणि बेल्ग्रानोची रेल्वे

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात विश्वजित् यागाच्या निमित्ताने एक विलक्षण प्रश्न उपस्थित झाला आहे. या यागात यजमानाने आपले सर्वस्व दान करावयाचे असते. तेव्हा यजमान सार्वभौम राजा असेल, तर त्याने पृथ्वीही देऊन टाकावी काय? जैमिनी ‘नाही’ म्हणतो, आणि भाष्यकार शबराने त्याचे दिलेले कारण कोणत्याही अर्थमंत्र्याने मनन करावे असे आहे: भूमी तिच्यावर वावरणाऱ्या सर्वांना सारखीच आहे, रक्षणाबद्दल राजाला तिच्या उत्पन्नाचा काही अंश मिळतो, पण तेवढ्याने ती त्याची होत नाही. धर्मबुद्धीने सेवेस राहिलेला सेवकही देता येत नाही, असाही निर्णय तेथेच आहे.

अर्जेंटिनातील जनरल बेल्ग्रानो या मीटरगेज रेल्वेचा इतिहास वाचताना हा जुना वाद अकस्मात जिवंत होतो. 1948 मध्ये पेरॉनच्या सरकारने ब्रिटिश व फ्रेंच कंपन्यांच्या रेल्वे मोल देऊन ताब्यात घेतल्या, आणि मीटरगेजचे सारे मार्ग एकत्र करून त्या जाळ्याला मानुएल बेल्ग्रानोचे नाव दिले. नाव मोठे अन्वर्थक होते. कारण विजयाबद्दल मिळालेले चाळीस हजार पेसो या सेनापतीने चार शाळांसाठी देऊन टाकले होते, आणि 1820 मध्ये तो दारिद्र्यात मरण पावला. त्याच वर्षी, म्हणजे 1948 मध्येच, साल्ताहून अँडीज ओलांडून चिलीच्या सीमेकडे जाणारा मार्गही पुरा झाला. रिचर्ड मॉरी या अमेरिकन अभियंत्याने आखलेल्या या मार्गाचे काम 1921 पासून चालले होते. दातेरी रुळाचे साहाय्य न घेता तो चार हजार मीटरहून उंच चढतो, आणि ला पोल्वोरियाच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा असे वाटते की, ही वस्तू कोणाची हे विचारणेच अप्रशस्त आहे.

पण ते विचारावेच लागले. मार्च 1993 मध्ये मेनेमच्या सरकारने लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांतून अंग काढून घेतले. ज्या प्रांताला गाडी हवी त्याने खर्च सोसावा, असा हुकूम झाला. मालवाहतुकीचा इजारा घेण्यास मात्र कोणी भांडवलदार पुढे येईना, म्हणून 1999 मध्ये तो रेल्वे कामगारांच्या संघटनेलाच बहाल झाला. मीमांसकांनी ज्या सेवकाला देण्यास मनाई केली, त्यालाच येथे प्रतिग्रहीता करून टाकले होते! रूळ कागदोपत्री सरकारचेच राहिले, म्हणून दान झालेच नाही, असा बचाव करता येईल. पण माळरानावरच्या गावांची जी वहिवाट होती, तिची नोंद कोणत्याही दस्तऐवजात नव्हती, आणि गेली ती नेमकी तीच.

तरीही सारा दोष 1993 च्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तुकुमानजवळचा ताफी व्येहोचा प्रचंड रेल्वे कारखाना 1980 मध्येच लष्करी राजवटीने बंद केला होता. शबराच्या मते राजाचा अंश रक्षणामुळे सिद्ध होतो. ज्याने रक्षण सोडले त्याचा हक्क इजाऱ्याच्या कागदाआधीच लोपला होता. म्हणजे दात्यापाशी देण्याजोगे काही उरले नव्हते, आणि घेणाऱ्यांनाही ते सांभाळता आले नाही. 2013 मध्ये मालवाहतूक पुन्हा सरकारकडे आली ती याच कारणाने. मीमांसकांच्या न्यायासनापुढे हा दावा गेला असता, तर दान असिद्ध ठरून खर्च दोन्ही पक्षांवर बसला असता.