टाचेवरची सुई

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची कावीळ किंवा साखर तपासायची, म्हणजे टाच टोचणं आलं. सिस्टर टाच धरते, पुसते, सुई मारते, थेंब पट्टीवर घेते. बाळाच्या भुवयांमध्ये उंचवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठांपर्यंतची घडी खोल जाते. नवजाताची वेदना मोजण्याच्या तक्त्यांत आज या खुणांना गुण देतात. चाळीस वर्षांपूर्वी अनेक नामवंत डॉक्टर त्यांना निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया म्हणत.

त्यांचं म्हणणं असं, की बाळाच्या चेतातंतूंवर मेदाचं आवरण पुरतं चढलेलं नसतं, म्हणून वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. पण ठणका वाहून नेणाऱ्या ‘सी’ तंतूंवर हे आवरण मोठ्या माणसातही नसतं. सेकंदाला जेमतेम मीटरभर या चालीनं त्यांचे निरोप जातात, आणि आपण कण्हतोच ना! शिवाय बाळाच्या टाचेपासून मज्जारज्जूपर्यंत अंतर ते केवढं?

या समजुतीपायी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर स्नायू सैल करणारं औषध आणि जुजबी भूल देऊन हृदयाजवळची शस्त्रक्रिया होत असे. बाळ हलत नसे, एवढंच. इंदूरला वैद्यकीचं शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अशा बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांत ताण कमी, शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी.

गोष्ट इथे थांबत नाही. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेला जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे निरोप ते थोडं लोटतात, मेंदूकडून खाली येणारे हुकूमही ते आवळतात. म्हणून तर ठेच लागली की आपण अंगठा चोळतो. नवजातात मेंदूकडून खाली येणारा हा लगाम अजून कच्चा असतो. म्हणजे जुन्या समजुतीच्या नेमकं उलट: बाळाला कमी दुखत नाही, दुखणं आवरण्याची त्याची स्वतःची सोय अपुरी असते. ती सोय बाहेरून करावी लागते.

अशी एक सोय आईच्या पाजण्यात सापडली, तीही आडवाटेनं. मुंबईतल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी उभी केली, ती वेदनेसाठी नव्हे. वरच्या दुधापायी होणारे जंतुसंसर्ग टाळायचे होते. पण पुढे जगभरच्या चाचण्यांत दिसलं, की पाजता पाजता टाच टोचली तर बाळ कमी रडतं. नुसतं काढलेलं दूध जिभेवर घातलं तर गुण येतो तो बेताचाच. साखरपाणी त्याहून सरस ठरतं. म्हणजे किमया एकट्या दुधाची नाही. ओढणं, कातडीची ऊब, आईचा वास, सगळं मिळून ते काम होतं.

ही सोय बाटलीतून देता येत नाही. त्यासाठी आई वॉर्डात हवी, आणि नेमकी तीच बऱ्याच ठिकाणी दाराबाहेर बाकावर बसलेली असते. जागा नाही, संसर्गाची भीती, एका सिस्टरकडे भारंभार बाळं, ही कारणं खोटी नाहीत. तातडीच्या वेळी थांबून चालत नाही, हेही खरं. पण रोजच्या ठरलेल्या तपासण्या बहुतेकदा पाजण्याच्या वेळेशी जुळवता येतात, आणि अजून अंगावर न ओढणाऱ्या बाळाला टोचण्याआधी दोनेक मिनिटं साखरपाण्याचे थेंब देता येतात. औषधांच्या खर्चात हे बसवावं लागत नाही. वॉर्डाच्या वेळापत्रकात बसवावं लागतं, आणि खाटेशेजारी एक खुर्ची ठेवावी लागते.