सोपे वाकणे, अवघड वाकणे

वारीच्या वाटेवर माणूस मोठा नम्र होतो. गर्दीत कोणाचा पाय आमच्या पायावर पडला, तर तो काही बोलायच्या आतच आम्ही 'माउली' म्हणून वाकतो. दिंडीत नातवाच्या वयाचा टाळकरी भेटला तरी त्याच्या पायांवर डोके ठेवतो. तो कोण, कुठला, हे विचारीत नाही. या नम्रतेचे आमचे आम्हांलाच कौतुक वाटते. आणि घोटाळा आहे तो इथेच.

कारण तोच नम्र वारकरी गावी परतला, की धाकट्या भावाने बांध वीतभर कोरला म्हणून तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. वाळवंटात परक्याच्या पायाची धूळ कपाळी लावणारे आम्ही, घरच्या माणसापुढे ताठ का? उत्तर सोपे आहे, पण गिळायला कडू. परक्याने आपले काही घेतलेले नसते. त्याच्यापुढे वाकताना कंबर दुखेल तेवढीच. पदरचे काही जात नाही.

ही खोड एकट्यादुकट्याची म्हणावी, तर तसेही नाही. पंढरीत महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. त्या समाधीपुढे पिढ्यान्‌पिढ्या माथे टेकले गेले, आणि चोखोबांच्या भाईबंदांना मात्र देवळाचे दार बंदच राहिले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण करून प्राण पणाला लावले, तेव्हा कुठे ते दार उघडले. समाधीला नमस्कार करायला काही खर्च नव्हता हो! जिवंत माणसाला देवापुढे शेजारी उभे करायचे, तर आपला मोठेपणा बाहेर ठेवावा लागत होता.

म्हणून नम्रता तोलायची, तर ती जिथे काही सोडावे लागते तिथे तोलावी. वारीहून आल्यावर आम्ही आळीभर चुरमुऱ्या-बत्ताशांचा प्रसाद वाटतो, आणि एक उंबरा हटकून चुकवतो. घरातून कोणी विचारलेच, "आणि तिकडे?" तर म्हणतो, "पोराला पाठवू की उद्या." तो उद्या काही उगवत नाही. बाबांनो, वारी एकादशीला पंढरीत पोचते, पण पुरी होते ती त्या चुकवलेल्या उंबऱ्यावर.

आमच्याही फडताळात गेल्या आषाढीची एक पुडी तशीच पडून आहे. चुरमुरे सादळले असतील. तरी आज संध्याकाळी आपणच नेऊन द्यावी म्हणतो.