टोकाला धरा

2016 च्या उन्हाळ्यात आमच्या माडीवर फिजिक्सचे एक सर भाड्यानं राहत होते. गाव गुंटूरकडचं, भाषा तेलुगू, नोकरी लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका क्लासमध्ये. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. ते मला गुरुजी म्हणत, आमच्या हिला अम्मा. बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत.

बाहेरचा मास्तर ही लातूरला नवलाई नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे प्राचार्य होते, त्या काळापासून जी मेहनत सुरू झाली तिला पुढे ‘लातूर पॅटर्न’ नाव पडलं. त्यामागून क्लास आले आणि क्लासमागून आंध्र, बिहार, राजस्थानकडचे शिक्षक. अहमदपूर, निलंगा, मुखेड, देगलूरची पोरं इथं खोली करून राहतात, मेसचा डबा खातात. आईबापांनी त्यासाठी कधी सोयाबीन विकलेलं असतं, कधी जमिनीचा तुकडा.

सर सकाळी सहाला बाहेर पडत, रात्री नऊला परत येत. दहीभात, लोणचं आणि झोप. चार महिन्यांत त्यांना गल्लीतल्या किराणा दुकानदाराचं नावही ठाऊक झालं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. फक्त पेटी बांधून ठेवल्यासारखा राहत होता, उद्याच परत जायचं असल्यासारखा.

एका रात्री ते ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, “गुरुजी, मी विचारतो, समजलं का? सगळे म्हणतात, यस सर. आणि टेस्टला पेपर कोरा. ही मुलं खोटं का बोलतात?”

मला माझे वडील आठवले. ते नांदेडला निजामाच्या राज्यात शिकले. वरच्या वर्गात सगळे विषय उर्दूतून. घरी मराठी, शेतात मराठी, आणि फळ्यावर परकी लिपी. वडील सांगायचे, “मास्तरनं विचारलं की ‘जी’ म्हणायचं. समजून घ्यायचं ते रात्री, कुणी दाखवणारा भेटला तर.” त्या ‘जी’ला मी खोटं म्हणू शकत नाही. भीती आणि अदब एकाच शब्दात मिसळली होती. आमच्या पोरांचं ‘यस सर’ त्याच घरातलं आहे. हे मी सरांना सांगितलं.

मग आमच्या शेजारच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगितली. 1938 साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. डॉ. बेथ्यून यांच्या नावानं चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. परक्या मुलखात, लढाई चालू असताना, आधी चिनी शिकले आणि मग चिनी पोरांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवली. ‘के दिहुआ’ हे नाव घेतलं. त्यातलं ‘हुआ’ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 ला गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला तो 1946 चा.

सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “त्यांच्याकडे वेळ होता. माझ्याकडे सिलॅबस आहे.” आणि वर निघून गेले.

तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण आटलेलं, नळ कोरडे, पाणवठ्यांभोवती जमावबंदी. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर माणसं ती बघायला उभी होती. आमच्या गल्लीमागे एक हापसा होता, त्याला अजून थोडं पाणी लागायचं. रात्री दोनला जायचं, नंबर लावायचा.

जारवाला दोन दिवस आला नव्हता. तिसऱ्या रात्री सर बादली घेऊन खाली आले. “अम्मा, पानी?” ही त्यांना घेऊन निघाली, मागून मी.

रांगेत सरांच्याच क्लासमधलं एक पोरगं होतं, मुखेडकडचं, शेवटच्या बाकावरचं. सरांचा नंबर आला. त्यांनी दांडा मधोमध धरला आणि सगळा जोर लावला. सात-आठ हापशांत घामाघूम झाले. बादलीच्या तळाला चार बोटं पाणी.

पोरगं चुळबुळलं. मग हळूच म्हणालं, “सर, मधे नका धरू. टोकाला धरा. मधे धरलं की दंड भरून येतात.”

सरांनी हात टोकाकडे सरकवले. दांडा हलका झाला, धार लागली. दोन-तीन हापसे मारले आणि ते एकाएकी थांबले. दांडा जिथं खिळलेला असतो तिथं त्यांनी पाहिलं, मग आपल्या हातांकडे. “फिर से बोलो. क्या बोला?”

पोरगं घाबरलं. “सॉरी सर.”

“नही, बोलो.”

“टोकाला... लांब धरलं की हलकं जातं, सर.”

मागची बाई ओरडली, “चला की हो पटपटा!” सर बाजूला झाले ते माझ्याकडेच आले. टोक म्हणजे काय? हलकं म्हणजे? त्याच आठवड्यात त्यांनी टॉर्क शिकवला होता. या पोराचा पेपर कोरा होता. आणि ते आठव्या वर्षापासून हापसा मारत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर आधी हापसा काढला आणि सूत्र नंतर लिहिलं. मग वर्गाचं दार बिजागरीजवळून ढकलायला लावलं, मग कडीजवळून. हे मला त्या पोरानंच सांगितलं.

त्यानंतर सर रोज रात्री वही घेऊन येऊ लागले. पाच शब्द, तेलुगू लिपीत लिहिलेले मराठी शब्द. रहाट, चऱ्हाट, मोट, खिट्टी, उतार. ‘ळ’ त्यांना पहिल्याच दिवशी जमला, तेलुगूत तो आहेच. लिंगं मात्र शेवटपर्यंत छळत राहिली. “पाणी आला” म्हणत, आणि आम्हाला ते पाण्याइतकंच गोड लागे. देगलूरच्या एका पोरीला घरातली तेलुगू येत होती. ती मधल्या सुट्टीत त्यांना शब्द जुळवून देई.

त्यातच एप्रिल संपता संपता सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, मेडिकलचा प्रवेश राज्याच्या सीईटीऐवजी नीटवर. सीईटीच्या तयारीत असलेली पोरं हादरली. मेसमध्ये जेवण उरू लागलं. सर रात्री अकरापर्यंत थांबून शिकवत होते.

मेच्या सुरुवातीला एका रात्री जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. ते चपला न काढताच आत आले. “गुरुजी! आज एक पोरगा उभा राहिला. बोलला...” आणि वहीतून पाठ केल्यासारखं, एकेक शब्द सांभाळत म्हणाले, “सर, मला नाही कळालं. परत सांगा.”

“मग?”

“मग अजून बारा जणांनी हात वर केला.”

ते पायरीवर बसले. हिनं तांब्या दिला. त्यांनी अर्धं पाणी पिऊन उरलेलं झाकून ठेवलं.