यादीतल्या शेवटच्या नावासाठी

पांडुरंगा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. एडिसन गावातल्या या घरात तुला जागा मिळाली ती स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि पुढ्यात दिवा बॅटरीचा, कारण खरी वात लावली की स्मोक अलार्म बोंबलतो. चालवून घे. लेक वर झोपली आहे. तिच्या कॉलेजांची यादी तुझ्या पायाशी ठेवली आहे. दहा नावं. १ नोव्हेंबरला पहिले अर्ज जायचे.

वरची चार नावं तुला पाठ असतील, वर्षभर तीच तुझ्या कानावर घालते आहे. त्यातलं एमआयटी पुण्याला फोनवर सांगितलं, तर आत्या म्हणाल्या, "कोथरूडला घेताय होय? मग तिकडे कशाला राहिलात!" हसलास ना? पण बॉस्टनजवळच्या त्या एमआयटीत शंभरातल्या पाचांनाही प्रवेश मिळत नाही. त्या चार नावांसाठी आज काही मागत नाही. आजचं मागणं शेवटच्या नावासाठी आहे.

इथे त्याला 'सेफ्टी' म्हणतात. बाकी सगळीकडून नकार आला तरी जे हातचं जाणार नाही, ते कॉलेज. आमच्या यादीत ते रटगर्स आहे, आमच्याच राज्याचं विद्यापीठ, गाडीने जवळच. आणि देवा, ते नाव घेताना माझा आवाज उतरतो. कोणी विचारलं तर म्हणते, "तेही टाकलंय, असंच." लेकीने हे ऐकलं आहे. परवा भाजी निवडताना विचारती झाली, "आई, मी तिथेच गेले तर तू लोकांना काय सांगशील?" कुकरची शिट्टी झाली. मी सुटले. पण उत्तर द्यायचं राहिलंच आहे.

आणि नाक मुरडणारी मी कोणाची नात? तुझ्याच त्या माळकऱ्याची. १९५४ साली आजोबांना क्षय झाला. मिरजेला महिनोन् महिने राहिले, रोज कमरेत सुई. स्ट्रेप्टोमायसिन. त्या औषधाने जीव वाचवला आणि त्याची किंमत म्हणून कान घेतले. पुढे भजनात आजोबांचा टाळ सगळ्यांच्या वर वाजायचा, स्वतःला ऐकू यावा म्हणून. तू ऐकला आहेस. माझी आई त्या आजारानंतर जन्मली.

ते औषध कुठे सापडलं, हे मला लेकीने सांगितलं. तिला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं आहे. १९४३ साली, याच रटगर्सच्या शेतकी कॉलेजच्या तळघरात, अल्बर्ट शॅट्झ नावाच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला. शेणखत घातलेल्या मातीतल्या एका जंतूपासून. १९५२ चं नोबेल त्याचे गाईड सेल्मन वॅक्समन यांना एकट्यांना मिळालं. शॅट्झला आपला वाटा मागायला त्याआधीच कोर्टात जावं लागलं होतं. त्याचा निवाडा तू कर, मी त्यात पडत नाही. मी एवढंच बघते आहे, की ज्या जागेचं नाव मी खालच्या आवाजात घेते, तिथल्या मातीवर आमचं घराणं तगलं आहे.

नवरा मला स्टीव्हन चूंची गोष्ट ऐकवतो. आयव्ही लीगने त्यांना घेतलं नाही, ते रॉचेस्टरला शिकले, १९९७ साली फिजिक्सचं नोबेल. गोष्ट खरी आहे, पण तिने माझं समाधान होत नाही. तीही शेवटी बक्षिसापाशीच येऊन थांबते. पोरीला नोबेल मिळालं नाही, तर सेफ्टी वाया गेली म्हणायची का?

म्हणून विठ्ठला, मला नीट विचारायची बुद्धी दे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना लॅबमध्ये हात घालू देतात, की परीक्षानळ्या धुवायलाच ठेवतात? केमिस्ट्रीच्या शेकडो पोरांच्या वर्गातून एखादा प्रोफेसर तिला नावानिशी ओळखेल का? उद्या पीएचडीला जायचं तर त्याचंच पत्र लागणार आहे. जो विषय हवा त्याला जागा आहे ना? कित्येक विद्यापीठांत प्रवेश सहज मिळतो, पण इंजिनिअरिंग किंवा कम्प्युटर सायन्सचं दार वेगळं असतं आणि ते अरुंद असतं. आणि पैसा. वरच्या चारांपैकी कुठेही राहण्या-जेवणासकट वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर खर्च, इथे राज्यातल्या पोरांना निम्म्याहून कमी. परवडत नसेल ते कॉलेज कितीही हमखास मिळो, त्याला सेफ्टी म्हणू नये, हे मी नवऱ्याला सांगितलं. तो गप्प बसला, म्हणजे पटलं असावं.

आणि हो, नकार आले तर ते शाळेच्या वेळात नको येऊ देऊस. संध्याकाळी येऊ देत, मी घरी असताना.

उद्या शनिवार. आम्ही दोघी ती तळघराची इमारत बघायला जाणार आहोत, अजून उभी आहे म्हणे. वाटेत तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, आणि आजोबांच्या टाळाचंही सांगायचं आहे. ते तिला मी कधी सांगितलंच नाही. पाऊस दुपारनंतर पाड.