आपले काय जाते?



रविवारची मिस्सा आटोपली की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे सोमवारची लोकल उभी राहते. कोणी बँकेत, कोणी इस्पितळात, कोणी शाळेत, कोणी सरकारी कचेरीत, तर कोणी कंत्राटावर कारखान्यात कामाला आहे. जागेपणीचा आपला सर्वांत मोठा वेळ कामावर आणि कामाच्या वाटेवर जातो. तरीही आत्मपरीक्षण करताना आपल्याला घरातली भांडणे आठवतात, चुकलेली प्रार्थना आठवते, जिभेने केलेली पापे आठवतात. आठवडाभर कामावर आपण कसे वागलो, याचा हिशेब क्वचितच होतो. लाच घेतली नाही, गल्ल्याला हात लावला नाही, म्हणजे आपली पाटी कोरी, असे आपण धरून चालतो.

पण कामावरची नीती लाचेच्या पाकिटापाशी सुरू होत नाही. कामाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, तिथूनच ती घडू किंवा बिघडू लागते.

१९९७ साली अमेरिकेतील एमी रेझ्नेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६ नोकरदारांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. कामाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी त्यांनी मांडल्या. काहींना काम म्हणजे पगारापुरती नोकरी वाटते. काहींना ती वर चढण्याची शिडी, म्हणजे करिअर वाटते. आणि काहींना काम हेच पाचारण वाटते. या तीन गटांत लोक साधारण सारखेच विभागले गेले. विशेष म्हणजे त्यांतले २४ जण एकाच प्रकारचे कारकुनी काम करणारे होते आणि त्यांच्यातही हे तीन गट आढळले. काम तेच, नजर मात्र वेगळी.

‘पाचारण’ हा शब्द आपण धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यासाठी राखून ठेवला आहे. तो कारकुनाच्या टेबलावरही बसू शकतो, हे आपल्या मनात येत नाही.

आता या नजरेचा आचरणाशी संबंध कसा येतो ते पाहू. काम म्हणजे केवळ पगार असे एकदा मनाने घेतले, की कमीत कमी श्रमांत दिवस ढकलणे हेच शहाणपण वाटू लागते. मग रात्रपाळीची परिचारिका रक्तदाब न मोजताच तक्त्यावर आकडा भरते. शिक्षक न वाचताच वहीवर सही करतो. कारकून ‘उद्या या’ म्हणतो आणि म्हातारी दोन रिक्षा बदलून परत जाते. यांपैकी कोणीही स्वतःला अप्रामाणिक म्हणणार नाही. प्रत्येकाच्या ओठांवर एकच वाक्य असते : ‘आपले काय जाते?’ खरेच, आपले काहीच जात नाही. जाते ते समोरच्याचे.

शिडी चढणाऱ्याची गोष्ट निराळी. तो मेहनती असतो, वेळेवर येतो, चोख काम करतो. पण त्याचा चोखपणा कशावर उभा आहे? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार लहान मुलालाही फसवत नाही, सर्वांना एकच भाव लावतो. कृती योग्यच आहे. पण गिऱ्हाईक टिकावे एवढ्यासाठीच तो तसे वागत असेल, तर त्या कृतीला नैतिक मोल कितीसे, असा कांटचा प्रश्न आहे. आपण त्यात एवढीच भर घालू, की असा प्रामाणिकपणा फायद्याच्या खुंटीला टांगलेला असतो. खुंटी निघाली की तोही खाली पडतो. बढती आणि टार्गेट खऱ्या अहवालाने हुकणार असतील, तर खोटा अहवाल फार दूर राहत नाही.

मग ज्यांना आपल्या कामाविषयी, आपल्या संस्थेविषयी मनापासून आस्था आहे, ते तरी सुरक्षित आहेत का? इथे आपल्याला सावध राहिले पाहिजे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. पहिल्या आदेशानुसार ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येणार होते. मुंबई परिसरातील शाखांबाहेर लागलेल्या रांगा आणि त्यांतले निवृत्त लोकांचे चेहरे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. एकाच उद्योगसमूहाची थकलेली कर्जे लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली, असे तक्रारीत नमूद होते. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून ही लपवाछपवी मान्य केल्याचे वृत्तपत्रांतून आले. बँकेची प्रतिष्ठा धोक्यात येईल, हे त्यामागचे एक कारण सांगितले होते. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. कोण किती दोषी, हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपण ते एक कारण तेवढे पाहू. ‘संस्थेचे नाव राखायचे होते’ हे वाक्य ऐकायला निष्ठेसारखे वाटते. पण संस्था ज्यांच्यासाठी असते, ते ठेवीदार त्या वाक्यात कुठेच नाहीत.

म्हणजे बेफिकिरी असो, महत्त्वाकांक्षा असो वा संस्थाभक्ती असो, बिघाड एकाच ठिकाणी होतो. कामाच्या पलीकडच्या टोकाला असलेला माणूस दिसेनासा होतो. कधी त्याच्या आड पगार येतो, कधी खुर्ची, तर कधी संस्थेची पाटी. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हे ठासून सांगितले. ते काम करणाऱ्याला लागू आहे, तसेच ज्याच्यासाठी काम केले जाते त्यालाही लागू आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ‘फादर, बारा तास राबवून घेतात, पगार वेळेवर देत नाहीत, कंत्राट कधी संपेल ते ठाऊक नाही. अशा कामाला पाचारण कसे म्हणायचे?’ हा आक्षेप आपण झटकून टाकू नये. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच मालकांना बजावले होते, की कामगाराला न्याय्य वेतन देणे हे त्यांचे कर्तव्य आहे. त्याच परिपत्रकात कामगारानेही ठरलेले काम पुरे आणि प्रामाणिकपणे करावे असे सांगितले आहे. अन्यायाविरुद्ध बोलावे, संघटित व्हावे, हक्क मागावा. मात्र मालकावरचा राग रुग्णावर, विद्यार्थ्यावर किंवा खिडकीपुढच्या म्हातारीवर काढण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. ती आपली मालक नव्हे. कामावर प्रेम करा, असा हुकूम कोणी कोणाला देऊ शकत नाही. समोरच्या माणसाला विसरू नका, एवढे मात्र आपण एकमेकांना सांगू शकतो.

संत लूकच्या शुभवर्तमानात जकातदार आणि शिपाई योहान बाप्तिस्ताकडे येऊन ‘आम्ही काय करावे?’ असे विचारतात. नोकरी सोडून रानात या, असे योहान त्यांना सांगत नाही. जकातदारांना तो ठरल्याहून अधिक वसूल न करण्यास सांगतो, तर शिपायांना जुलूम न करता आपल्या वेतनात समाधान मानण्यास सांगतो. पश्चात्तापाचे फळ त्यांना त्याच नाक्यावर, त्याच गणवेशात द्यायचे होते.

ॲरिस्टॉटल म्हणतो त्याप्रमाणे न्याय्य कृती करत करतच माणूस न्यायी होतो. सवय एका दिवसात लागत नाही, म्हणून लहान सुरुवात करू. उद्या टेबलावर पहिला कागद येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारू : या कागदाच्या पलीकडे कोण उभे आहे? आणि रात्री झोपण्यापूर्वी, घरच्या प्रार्थनेनंतर, त्या दिवशी आपल्या हातून कोणाचे काय गेले, तेही आठवून पाहू.