नाव ठेवावे, नावे ठेवू नयेत

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांत तान्ह्या बाळाला कुशीत घेऊन आलेली कुटुंबे नेहमीच असतात. बाळाला श्रीचरणी ठेवले जाते, कपाळी अंगारा लावला जातो आणि घरातील वडीलधारी मंडळी पुजाऱ्यांना विचारतात, "नाव कोणते ठेवावे?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नाव मनुष्य स्वतः मागून घेत नाही, तरीही ते जन्मभर वागवतो. म्हणूनच नामकरणास सोळा संस्कारांत स्थान लाभले आहे. बाराव्या दिवशी बारसे होते, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्या क्षणापासून त्या जिवाला जगात स्वतःची ओळख मिळते.

संस्कृत व्याकरणग्रंथांत उदाहरणासाठी एखादा मनुष्य हवा असला की 'देवदत्त' हे नाव वारंवार येते. देवदत्त म्हणजे देवाने दिलेला. अत्री ऋषींना देवाने स्वतःचेच दान केले म्हणून 'दत्त' आणि अत्रींचा पुत्र म्हणून 'आत्रेय', अशी दत्तात्रेय या नावाची फोड सांगितली जाते. हीच भावना जगातील अनेक भाषांत आढळते. ग्रीक भाषेत 'थेऑस' म्हणजे देव आणि 'डोरॉन' म्हणजे देणगी; त्यांवरून मुलाचे नाव थिओडोर झाले. तेच दोन शब्द उलट क्रमाने जोडून मुलीचे नाव डोरोथिया झाले. हिब्रू भाषेतील योनाथान, फारसीतील खुदादाद आणि स्लाव भाषांतील बोगदान या नावांचाही अर्थ 'देवाने दिलेला' असाच आहे. भाषा निराळ्या, उपासना निराळ्या; परंतु पाळण्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात सर्वत्र एकच कृतज्ञता दाटून येते.

काही नावे मात्र वरवर पाहता विचित्र वाटतात. पूर्वी ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नवजात बालकाचे नाव दगडू, धोंडू, केरू किंवा भिकू असे ठेवीत. दृष्ट लागू नये, काळाचे लक्ष जाऊ नये, हा त्यामागील हेतू. मंगोलियातही अशाच समजुतीने मुलाला 'नेरगुई', म्हणजे 'नाव नसलेला', असे म्हणण्याची रीत आहे. ही नावे ओबडधोबड खरी, पण त्यांच्या आड आईचे भ्यालेले काळीज आहे. मूल हवे होते, म्हणूनच ते नाव लपवणारे ठेवले गेले.

याउलट एक नाव असे आहे की ज्यात जपणूक नाही, केवळ नकार आहे. ते नाव म्हणजे 'नकोशी' किंवा 'नकुसा'. मुलीमागून मुलगीच झाली की शेवटच्या मुलीला हे नाव द्यायचे, म्हणजे पुढे मुलगा होईल, अशी समजूत. चीनमध्येही मुलीला 'जाओदी', म्हणजे 'धाकट्या भावाला बोलावून आण', असे नाव दिले जाई. जी स्वतः देवाची देणगी, तिच्या नावातच दुसऱ्याची वाट पाहिली जाते!

श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा भाविकांना परिचित आहे. त्याने धाकट्या मुलाचे नाव नारायण ठेवले होते. अंतकाळी त्याने हाक मारली ती मुलाला, पण त्या उच्चारानेच विष्णुदूत धावून आले. अजाणता उच्चारलेले नामही फळते, हा या कथेचा बोध. मग 'नकोशी' ही हाक दिवसातून शंभर वेळा एखाद्या लेकीच्या कानी पडत असेल, तर ती कशी निष्फळ राहील? मुलीचे नाव उच्चारण्यास सोपे, मंगल आणि आशीर्वादाचा अर्थ असलेले असावे, असे स्मृतिवचन आहे. आळंदीच्या चार भावंडांची नावेही पाहावीत: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. निवृत्ती, ज्ञान आणि सोपान म्हणजे पायरी, यांच्या पुढे येते ती मुक्ती. ते नाव लेकीचे आहे.

महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. नकोशी ही भावना नावापुरती राहिलेली नाही, हेच हे आकडे सांगतात. परंतु त्याच २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्ह्यात २८५ 'नकोशीं'चे समारंभपूर्वक नव्याने नामकरण झाले. हे दुसरे बारसे पहिल्याइतकेच पवित्र मानावे.

मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण आणि 'नावे ठेवणे' म्हणजे निंदा. एका मात्रेचे अंतर, पण एक संस्कार तर दुसरे पाप. घरात, नात्यात वा शेजारी कोणी नकोशी असेल, तर भाविकांनी तिला सन्मानाने नवे नाव द्यावे, शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याची जी सोय आहे तिचा लाभ घ्यावा, आणि मुख्य म्हणजे त्या नव्या नावाने तिला प्रेमाने हाक मारावी. देवाने दिलेले दान नको म्हणू नये, एवढी सद्बुद्धी सर्वांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.