ताबा, यादवी आणि हौतात्म्य : मे 1930 मधील सोलापूरच्या कथनाचा नैतिक पेच

'ताबा' हा शब्द मराठीत मुख्यतः मालमत्तेच्या व्यवहारात वावरतो. घराचा, शेताचा, तारण ठेवलेल्या मालाचा ताबा घेतला जातो किंवा सोडला जातो. शहराच्या संदर्भात हाच शब्द वापरला जातो तेव्हा शहर ही कोणाच्या तरी मालकीची वस्तू आहे आणि तेथील माणसे त्या वस्तूबरोबर हस्तांतरित होतात, हे गृहीतक त्याच्याबरोबर येते. यादवी युद्धांच्या वर्णनांत तर हे गृहीतक तपासलेच जात नाही. वाळवंटातले एखादे शहर सकाळी एका गटाच्या 'हाती' असते आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या 'ताब्यात' जाते. या दोन विधानांच्या मध्ये शहरात नेमके काय घडले, हा प्रश्न कथनाच्या कक्षेबाहेर राहतो. सोलापूरसारख्या कोरड्या मुलखातल्या गिरणगावाने मे 1930 मध्ये घेतलेला अनुभव या शब्दाच्या अर्थकक्षेची परीक्षा घेणारा आहे. तो स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातील एक गौरवशाली प्रकरण म्हणून सुपरिचित आहे. मात्र त्याच्या कथनात दडलेला नैतिक पेच तितकासा परिचित नाही.

घटनाक्रमाची रूपरेषा अशी. मिठाच्या सत्याग्रहानंतर 4 मे 1930 च्या मध्यरात्रीच्या सुमारास गांधीजींना कराडी येथे अटक झाली. ती वार्ता सोलापुरात पोहोचताच गिरणी कामगारांचे शहर रस्त्यावर आले. समुद्र नसलेल्या मुलखात मिठाचा कायदा मोडणे हे प्रतीकापुरतेच शक्य होते; म्हणून कायदेभंगाने येथे शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाड चालवण्याचे रूप घेतले. 8 मे रोजी ही झाडे तोडणारा जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे मारले गेले. संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी पेटवली, त्यात पोलीस शिपाई मारले गेले. न्यायालयाच्या इमारतीलाही आग लावण्यात आली. ब्रिटिश प्रशासन शहरातून मागे सरले आणि 9, 10 व 11 मे हे तीन दिवस सोलापूर साम्राज्याच्या अमलाबाहेर राहिले. या काळात काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रहदारी आणि बंदोबस्त सांभाळला. 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो 30 जूनपर्यंत चालला. डोक्यावरची गांधी टोपी आणि इमारतीवरचा राष्ट्रध्वज हे या काळात अपराध ठरले. मंगळवार पेठेतील पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. ज्यांच्या अटकेने या प्रकरणाला सुरुवात झाली, ते गांधीजी त्या दिवशी त्याच कारागृहात बंदी होते.

या घटनाक्रमाला दोन संहिता उपलब्ध आहेत. पहिली शासनाची. तिच्या लेखी 8 मे म्हणजे दंगल, 12 मे म्हणजे सुव्यवस्थेची पुनःस्थापना आणि मधले तीन दिवस म्हणजे एक पोकळी. रणजित गुहा यांनी 1983 मध्ये बंडविरोधी गद्याचे जे विश्लेषण केले, त्याचा हा नमुनाच ठरावा : प्रजेच्या कृतीला येथे कारण असते, हेतू नसतो. दुसरी संहिता राष्ट्रीय स्मरणाची. तिच्या लेखी तेच तीन दिवस स्वातंत्र्याचे आहेत, 1947 च्या सतरा वर्षे आधी अवतरलेले. वरवर परस्परविरोधी असणाऱ्या या दोन संहिता एका बाबतीत मात्र एकमत आहेत. दोघीही शहराकडे ताब्याच्या परिभाषेतूनच पाहतात. एकीच्या मते ताबा सुटला, दुसरीच्या मते ताबा मिळाला. तीन दिवस शहर कोणाला उत्तरदायी होते आणि कोण शहराच्या वतीने उत्तर देत होते, हा प्रश्न दोघींनीही विचारलेला नाही.

हाना आरेन्ट यांनी 1970 मध्ये सत्ता आणि हिंसा यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते सत्ता माणसांच्या एकत्रित कृतीतून जन्मते, तर हिंसेला साधने पुरतात. सत्ता डळमळते तेथे हिंसा अवतरते. या भेदाच्या प्रकाशात पाहिले तर 8 मे रोजीच्या गोळीबारात ब्रिटिशांची सत्ता नव्हे, तिचा अभाव प्रकट झाला होता. लष्करी कायद्याच्या सात आठवड्यांतही शहराचा भूभाग हाती आला, संमती आली नाही. अन्यथा टोपीसारख्या वस्तूची भीती वाटण्याचे कारण नव्हते. येथपर्यंत हा भेद राष्ट्रीय स्मरणाला अनुकूल आहे. परंतु तो दुसऱ्या बाजूलाही तितक्याच कठोरपणे लागू करावा लागतो. शहराची सत्ता रहदारी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्या कृतीत होती. पेटलेल्या चौकीत होती ती हिंसा. आणि तरीही चौकी पेटली नसती, तर ते तीन दिवस कदाचित उगवलेच नसते. स्वातंत्र्याच्या तीन दिवसांचा वारसा सांगणाऱ्याला आदल्या दिवसाचा वारसा नाकारता येईल काय, हा खरा पेच आहे.

स्मरणाने या पेचातून जी वाट काढली ती चौघांच्या हौतात्म्याच्या रचनेत दिसते. प्रचलित कथनात हे चौघे निर्दोष आहेत. धनशेट्टी तर जमावाला शांत करीत होते, असे आवर्जून सांगितले जाते. त्याच कथनात हे चौघे शहराच्या शौर्याचे मूर्तिमंत रूपही आहेत. ही दोन विधाने एकत्र नांदू शकतात; पण कोणत्या अटीवर, हे पाहिले पाहिजे. काव्यशास्त्रातील लक्षणाविचार येथे अनपेक्षितपणे साहाय्याला येतो. मम्मटाने लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन अशा अटी सांगितल्या. भाले आत शिरत आहेत असे म्हटले की भालाईत अभिप्रेत असतात, पण भालेही आत शिरतातच, ही उपादानलक्षणा. गंगेवर वस्ती आहे असे म्हटले की गंगा स्वतःचा अर्थ सोडून तीराला जागा देते, ही लक्षणलक्षणा.

न्यायासनाने चौघांविषयी अभिधेचा दावा केला : याच हातांनी वध केला. परंतु शिक्षेचे प्रयोजन लाक्षणिक होते. चौघांच्या रूपाने साऱ्या शहराला दंड द्यायचा होता, कारण जमावाला फासावर चढवता येत नाही, त्यासाठी नावे लागतात. साम्राज्याचा अन्याय सांगताना स्मरण हा अभिधार्थ बाधित मानते. चौघे शहराचे चिन्ह होतात, पण कर्तेपण त्यांच्यापासून गळून पडते. गंगेवरील वस्तीचा हा प्रकार. शहराचा पराक्रम सांगायची वेळ येते तेव्हा मात्र तेच स्मरण भाल्यांचा दाखला स्वीकारते. चिन्ह कर्त्यांसह आत शिरते, पेटलेल्या चौकीचे तेज त्यांच्या चेहऱ्यावर पडते. सोयीनुसार लक्षणेचा प्रकार बदलणे ही केवळ वाचनातील शिथिलता नाही. त्यामुळे शहराला कृतीचा गौरव मिळतो आणि कृतीचा कर्ता मात्र कोणीच उरत नाही.

या संदर्भात चौरी चौराची तुलना टाळता येत नाही. 4 फेब्रुवारी 1922 रोजी तेथे पोलीस ठाणे जाळले गेले, पोलीस मारले गेले आणि गांधीजींनी चळवळच स्थगित केली. पुढे एकोणीस जणांना फाशी झाली. त्या घटनेचे स्मरण कसे दडपले आणि घडवले गेले, याचा शोध शाहिद अमीन यांनी 1995 च्या ग्रंथात घेतला. 1930 मध्ये चळवळ थांबली नाही. एप्रिलमध्ये चितगावला शस्त्रागारावर हल्ला झाला, पेशावर काही दिवस ब्रिटिशांच्या हातून निसटले, मेमध्ये सोलापूर निसटले; लढा मात्र पुढे चालूच राहिला. चौरी चौरा कलंक ठरले आणि सोलापूर अभिमान ठरले, यातला फरक कृतीच्या नैतिक स्वरूपात शोधून सापडत नाही. तो कृतीला लाभलेल्या कथनसंदर्भात सापडतो. कथन नैतिक निवाडा करते, आणि निवाडा केल्याचे लपवते.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. गोळीबार आधी झाला, चौकी नंतर पेटली. परक्या सत्तेचा नोकर आणि निःशस्त्र प्रजा यांना एकाच तराजूत तोलणे म्हणजे तटस्थतेच्या नावाखाली सत्तेची बाजू घेणे होय. हा आक्षेप योग्य आहे, आणि दोषाच्या वाटपापुरता तो निर्णायकही आहे. परंतु दोष आणि उत्तरदायित्व या दोन भिन्न कोटी आहेत. हिंसा समर्थनीय ठरली तरी ती कोणाची, हा प्रश्न मिटत नाही. उलट समर्थन करायचे तर आधी ती आपली म्हणावी लागते. जी कृती आपली नव्हतीच, तिचे समर्थन करण्याचा अधिकारही उरत नाही.

चौकीतले मृत शिपाई कोण होते, हा प्रश्न या टप्प्यावर उपस्थित होतो. गणवेश साम्राज्याचा होता, माणसे या देशातली होती. प्रचलित कथनात त्यांना नावे नाहीत. वसाहतीच्या प्रत्येक बंडाच्या पोटात एक यादवी असते ती अशी. 'यादवी' हा शब्द महाभारताच्या मौसलपर्वातून आलेला आहे : प्रभासक्षेत्री यादवांनी एकमेकांचा संहार केला आणि त्यानंतर द्वारका समुद्रात बुडाली. परकीय शत्रू त्या प्रसंगात नाही, हे त्या पर्वाचे दारुण वैशिष्ट्य. सोलापुरात परकीय शत्रू होता, आणि त्याच्या असण्यामुळेच आतली यादवी दिसेनाशी झाली. पेशावरच्या मार्गावर गढवाली सैनिकांनी गोळी झाडण्यास नकार दिला, तेव्हा ती क्षणभर दृष्टीस पडली. गणवेशातील माणसालाही निवड करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की गणवेशातील माणूस म्हणजे निव्वळ गणवेश नव्हे. चौकीतील शिपायांना हा न्याय लावला, तर त्यांच्या मृत्यूला नुसती पार्श्वभूमी म्हणता येणार नाही.

या विवेचनातून चौघांच्या हौतात्म्याचे मूल्य उणे होते, असे मानण्याचे कारण नाही. ते अन्यत्र प्रस्थापित होते, इतकेच. चौघांनी वध केला म्हणून ते वीर नव्हेत आणि केला नाही एवढ्यानेही हुतात्मे नव्हेत. संपूर्ण शहराने ज्याचे उत्तर द्यायचे होते, ते उत्तर त्या चौघांकडून वसूल केले गेले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या शहराच्या वतीने वेगवेगळ्या समाजांतले चौघे फाशी गेले, या तपशिलाकडे ऐक्याचे सुभाषित म्हणून पाहण्याची सवय आहे. प्रत्यक्षात तो ऋणाचा दस्तऐवज आहे. ऋण मान्य करणे म्हणजे 8 मे हा दिवस त्याच्या गोळीबारासह आणि त्याच्या पेटलेल्या चौकीसह शहराचा म्हणून स्वीकारणे.

असा स्वीकार झाला तर 'ताबा' या शब्दाची गरज उरत नाही. स्वराज्य या शब्दातील 'स्व' हा मालकीवाचक नाही, तो उत्तरदायित्ववाचक आहे, हे त्या तीन दिवसांतून वाचता येते. चौकात उभे राहून रहदारीला वाट देणाऱ्या स्वयंसेवकाकडे शहराचा ताबा नव्हता. त्याला कोणी नेमले नव्हते आणि त्याच्या हाती दंडशक्तीही नव्हती. त्याचा इशारा लोकांनी मानला, इतकाच त्याचा अधिकार. त्या तीन दिवसांचा विचार करणाऱ्या समीक्षेने आरंभ तेथून करावा, आणि तेथून मंगळवार पेठेच्या चौकीपर्यंतचे अंतरही मोजावे.